हिमबीजाचा पृष्ठभाग : एका कल्पनेचा इतिहास

पाणी शून्य अंशाखाली जाऊनही द्रवरूप राहू शकते, हे फॅरनहाइटने १७२४ साली नोंदविले. शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत गोठत नाहीत. त्यापूर्वी ते गोठावयाचे तर एखाद्या परक्या कणाचा आधार लागतो. हा आधार कणाच्या कोणत्या गुणामुळे मिळतो, या प्रश्नाच्या उत्तराला दोनदा वळण मिळाले.

पहिले वळण १९४६ सालचे. अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड व्हॉनगट यांनी स्फटिकरचनेचे तक्ते चाळून बर्फाशी मिळतीजुळती रचना असलेले पदार्थ शोधले. त्यांतून सिल्व्हर आयोडाइड पुढे आले. त्याच्या व बर्फाच्या स्फटिकजालकांत सुमारे दीड टक्क्याचाच फरक आहे, आणि त्याचे कण उणे चार अंशांच्या सुमारासही बर्फ निर्माण करतात. पदार्थ तर्काने शोधला गेला आणि तो यशस्वी ठरला. साहजिकच जालकसाम्य हेच केंद्रकनिर्मितीचे कारण, अशी धारणा दृढ झाली.

तथापि लंडन येथे ब्रायंट, हॅलेट व मेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेगळेच चित्र दिसले. स्फटिकाच्या पृष्ठावर बर्फ सर्वत्र सारखा उगवत नव्हता; पृष्ठावरील पायऱ्यांच्या कडांवर तो प्राधान्याने उगवत होता. पुढे २००५ साली बेरियम फ्लोराइडचे उदाहरण पुढे आले. त्याचे जालक बर्फाशी उत्तम जुळत असूनही तो केंद्रक म्हणून दुबळा ठरला. म्हणजे जालकसाम्य पुरेसे नव्हते.

दुसरे वळण फेल्डस्पार या खनिजाने पूर्ण केले. वातावरणातील धुळीत चिकणमातीची खनिजे अधिक असली तरी तिच्या हिमजनक शक्तीचा मोठा भाग पोटॅशियमयुक्त फेल्डस्पारकडे जातो, असे २०१३ साली दाखविण्यात आले. २०१७ साली किसेलेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे स्थान दाखवून दिले : एरवी उघडे नसणारे, उच्च ऊर्जेचे स्फटिकपृष्ठ भेगा व पायऱ्या यांतून उघडे पडते, आणि बर्फ तेथेच ठराविक दिशेने वाढतो.

व्हॉनगट यांची निवड चुकली नव्हती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा होता. सरासरी रचनेवरून कणाची शक्ती ठरत नाही. त्याच्या पृष्ठावरील मोजक्या अपवादात्मक जागांचा तिच्यात मोठा वाटा असतो. यास्तव कणाचे रासायनिक नाव नोंदविणे ही अभ्यासाची केवळ सुरुवात होय.