साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

मुंबईत धोबीतलावाजवळ, मेट्रो चित्रपटगृहासमोर, डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. रोज हजारो माणसे त्याच्यासमोरून जातात; परंतु हा पुतळा कोणाचा, हे ठाऊक असलेली मंडळी आता थोडीच असतील. गोव्यातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेल्या या कॅथलिक डॉक्टरांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासले आणि मुंबईत ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, शिरला असल्याचे प्रथम सांगितले. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आपण ज्या खोलीत राहतो तिची खिडकी केवढी असावी, समोरची इमारत किती अंतरावर असावी, हे नियम कोठून आले याचा मागोवा घेत गेल्यास वाट या डॉक्टरांच्या काळापर्यंत जाऊन पोहोचते.

त्या वेळची मांडवी म्हणजे खाली धान्याच्या वखारी आणि वर माणसांनी भरलेल्या चाळी. एकेका खोलीत एक-दोन कुटुंबे, शिवाय गावाकडून कामासाठी आलेले नातलग. दोन चाळींच्या पाठी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असत. मधल्या चिंचोळ्या बोळाला 'घरगल्ली' म्हणत. मोऱ्यांचे पाणी आणि संडासांची घाण त्या गल्लीत पडे, सफाई कामगारांची ये-जा तिथूनच होई आणि मागच्या खोल्यांच्या खिडक्याही तिच्याकडेच उघडत. अशा खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागे. साथ पसरताच लोकांनी शहर सोडून गावची वाट धरली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती; १९०१ साली ती ७,७६,००६ भरली. एरवी सतत वाढत जाणारे हे शहर त्या दशकात आकसले.

अंधार, ओल आणि कोंडलेली हवा यांतून प्लेग जन्म घेतो, असे त्या वेळी अनेक अधिकाऱ्यांना वाटत होते. ते निदान अपुरे होते. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवतात, असे सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये मांडले, पण ते सर्वमान्य होण्यास बरीच वर्षे जावी लागली. तथापि त्या अपुऱ्या निदानातून जे औषध निघाले ते वाया गेले नाही. प्लेगाइतका गाजावाजा न करता माणसे नेणारा क्षय अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतच बळावत होता, आणि त्याच्यावर उजेड व वारा हे खरोखरच औषध होते.

अर साहेबांचा कोन

१८९८ च्या कायद्याने मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत आणणे, आरोग्यास घातक वस्त्या पाडणे आणि शहराच्या उत्तरेस नव्या वसाहती आखणे, ही या ट्रस्टची कामे होती. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यानेच काढले. परंतु पहिल्या काही वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. पाडलेल्या चाळींतील माणसे दूरच्या मोकळ्या जागी जात नाहीत. कामधंदा जवळ असावा म्हणून ती शेजारच्याच चाळीत शिरतात. एक अंधारी चाळ नाहीशी करावी, तर दुसरी अधिक गच्च भरे. नुसते पाडून भागणार नव्हते. बांधायचे कसे, याचा नियम हवा होता.

हा नियम मांडण्याचा ध्यास घेतला तो ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. अर यांनी. मुंबईतील घरांमधील उजेड आणि हवा या विषयावर १९१२ साली त्यांनी एक सविस्तर व्याख्यान दिले. त्यांचा नियम असा होता: तळमजल्याच्या खोलीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिने जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करता कामा नये. हा आकडा प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटतो. मात्र त्यामागचा हिशेब साधा आहे. उंची अंतराच्या दुप्पट असली की तो कोन जवळजवळ साडेत्रेसष्ट अंशांचा होतो. समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल, तर मध्ये वीस फूट जागा मोकळी सोडावी, एवढाच त्याचा अर्थ. गवंड्यालाही दोरीने मोजता यावे, असे हे गणित होते. इंग्लंडमध्ये पंचेचाळीस अंशांचा, म्हणजे उंचीइतकेच अंतर सोडण्याचा, कडक दंडक आदर्श मानला जाई. मुंबईतील जमिनीच्या भावात तो परवडणारा नव्हता. म्हणून ही तडजोड.

या नियमात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. माझे घर किती उंच असावे, हे त्यात माझ्या ऐपतीवरून ठरत नाही. माझ्या समोर, सर्वांत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला आकाश दिसते की नाही, यावरून ते ठरते. घरमालकांना हे रुचणे कठीणच होते. ट्रस्टच्या स्वतःच्या जमिनीवर भाडेपट्ट्याच्या अटी घालून नियम पाळून घेता येई. परंतु उरलेल्या शहरात घरमालकांचे वजन मोठे होते, आणि तिथे तो लागू करताना पदोपदी अडथळे आले.

वसाहती, चाळी आणि वाड्या

ट्रस्टच्या नियमांचे चांगले रूप पाहावयाचे असेल तर दादर-माटुंग्यास जावे. तेथील रस्ते, झाडांच्या रांगा, पाच उद्याने, मर्यादित उंचीच्या आणि चारी बाजूंनी मोकळ्या इमारती ही सारी त्या आखणीची देणगी होय. मंचेरजी जोशी या ट्रस्टमधीलच अभियंत्यांच्या खटपटीने तिथे पारशी कॉलनी उभी राहिली. शेजारी हिंदू कॉलनी वसली.

उपनगरांत हेच कार्य १९१५ च्या नगररचना कायद्याने केले. शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करावयाचे, रस्ते आखावयाचे आणि मालकांना चौरस भूखंड परत द्यावयाचे, अशी त्याची पद्धत होती. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले येथील जुन्या पत्त्यांत 'टी.पी.एस.' ही अक्षरे आढळतात, ती या योजनांची खूण आहे. १९१५ सालीच गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. तिच्या पाठोपाठ १९१८ मध्ये वांद्र्यात साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. कारकुनी करणाऱ्या, शिक्षकी पेशातल्या माणसालाही बाग-व्हरांड्याचे घर मिळावे, हे सहकाराचे स्वप्न होते, आणि पुष्कळ अंशी ते साकार झाले.

मात्र या इतिहासाकडे नुसत्या अभिमानाने पाहून चालणार नाही. या वसाहती जातीच्या, धर्माच्या नावाने उभ्या राहिल्या; त्यांची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. हप्ता भरू शकणाऱ्यालाच तिथे उजेड मिळाला. गिरणी कामगाराच्या वाट्याला आल्या त्या बी.डी.डी. चाळी. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे सरकारने अशा २०७ इमारती बांधल्या. सिमेंट काँक्रीटच्या भक्कम चाळी, मधून जाणारा बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामाईक संडास. एकाच शहरात, एकाच दशकात, माणसाला किती जागा पुरते याची दोन वेगळी मापे वापरली गेली. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला; हे दुहेरी माप मात्र राहिले.

या साऱ्या नियमांच्या आधीपासून नांदत असलेली घरेही शहरात होती. गिरगावची खोताची वाडी, माझगावची म्हातारपाखाडी, वांद्र्याची रानवर आणि चिंबई ही गावे कोणा अभियंत्याने आखली नाहीत. ओटला, बाहेरून चढणारा लाकडी जिना, उतरते कौलारू छप्पर, चौकातला क्रूस आणि विहीर अशी त्यांची घडण होती. गल्ल्या अरुंद खऱ्या. पण घरे एक-दोन मजली असल्याने उजेडाचा प्रमाणबद्ध हिशेब आपोआप जमत असे. अशा ठिकाणी नव्या नियमांप्रमाणे पुढे-मागे मोकळी जागा सोडू गेले, तर लहानशा भूखंडावर घरच उरत नाही. वारसा वास्तूंच्या जतनासाठी मुंबईत १९९५ मध्ये नियम झाले आणि खोताची वाडी वारसा परिसर ठरली. तरीही तिथली जुनी घरे एकामागून एक कमी होत गेली.

कोनाच्या जागी आकडा

स्वातंत्र्यानंतर शहराची हद्द वाढली. १९५७ पर्यंत ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. १९६४ च्या विकास आराखड्याच्या मसुद्याबरोबर एक नवे माप आले. त्याचे नाव चटई क्षेत्र निर्देशांक. बोलण्यात आपण त्याला 'एफ.एस.आय.' म्हणतो. हजार चौरस फुटांच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल, तर सर्व मजले मिळून हजार चौरस फूट बांधता येते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मूळ बेटावरील निवासी भागासाठी तो १.३३ आणि उपनगरांसाठी १ असा धरला होता.

शहराच्या कोणत्या भागात किती माणसे आणि किती पाणी-रस्ते, हे जुळवण्यासाठी हे माप उपयोगी होते. परंतु कोन आणि आकडा यांत एक मोठा फरक आहे. कोन दोन घरांमधील नाते सांगतो. तो विकता येत नाही. आकडा मात्र वाढवता येतो, मोबदला म्हणून देता येतो, बाजारात विकताही येतो. १९९१ च्या नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची सोय केली. रस्त्यासाठी वा उद्यानासाठी जमीन देणाऱ्यास पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळू लागला आणि तो उपनगरांतील दुसऱ्या भूखंडावर वापरता येऊ लागला. जुन्या इमारती, झोपडपट्ट्या, वाहनतळ अशा एकेका कारणासाठी जादा निर्देशांकाच्या तरतुदी झाल्या. २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीतही मूळ आकडा लहान आणि त्यावरील भर मोठी, अशीच रचना आहे.

यात सारा दोष लोभाचाच आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांनी डागडुजी सोडून दिली. गळकी छपरे, टेकू लावलेले सज्जे, एका खोलीत तीन पिढ्या, हे ज्यांनी सोसले त्यांना स्वतंत्र न्हाणीघर आणि उद्वाहन असलेली नवी इमारत हवीशी वाटते, यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच आहे की, पुनर्विकासाच्या सौद्यात उजेडाचा हिशेब कोण ठेवतो?

गोवंडीचे उत्तर

या प्रश्नाचे उत्तर गोवंडी-मानखुर्द भागात मिळाले आहे. रस्ते आणि रेल्वे यांच्या प्रकल्पांसाठी हलवलेल्या कुटुंबांना नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड येथे २२५ चौरस फुटांची घरे देण्यात आली. झोपडीऐवजी पक्के घर मिळाले, हा लाभ खराच. परंतु नटवर पारेख कंपाउंडात तळमजला आणि वर सात मजले अशा इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील अभ्यासक यांनी तेथील घरे पाहिली. २०१८ साली त्यांनी दाखवून दिले की, या दोन्ही वसाहतींत क्षयाचे प्रमाण मोठे आहे, आणि उजेड-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर ते अधिक आहे. इमारतींत पुरेसे अंतर असलेल्या जवळच्याच दुसऱ्या एका वसाहतीत ते पुष्कळच कमी आढळले.

अर साहेबांची दोरी येथे लावून पाहावी. आठ मजल्यांची इमारत म्हणजे सुमारे बावीस मीटर उंची. तिच्यासमोर अकरा मीटर जागा हवी होती. तीन मीटरच्या अंतरात नियमाचा उजेड माथ्यापासून फक्त सहा मीटर खाली उतरतो. म्हणजे वरचे दोन मजले उजेडात आणि खालचे सहा सावलीत. घरगल्ली परत आली आहे. या वेळी ती मंजूर नकाशातून आली आहे, एवढाच फरक.

नियमांच्या पुस्तकात आजही खिडकीचे क्षेत्रफळ खोलीच्या मानाने किती असावे, हे लिहिलेले असते. पण खिडकी मोठी असून भागत नाही. ती कशाकडे उघडते, हे महत्त्वाचे. वांद्रे, माहीम, माझगाव, सांताक्रूझ येथील आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या इमारतींसाठी पुनर्विकासाचे प्रस्ताव येत आहेत. संस्थेच्या सभांतून वाढीव चौरस फूट, भाडे आणि ठेव यांची चर्चा तास न् तास चालते, ती चालावीही. त्याच सभेत कोणीतरी नकाशा मागावा आणि एक साधी गोष्ट मोजून पाहावी: दोन भिंतींमधील अंतर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी आहे काय? आपल्या खिडकीसाठी ते मोजावे, आणि आपल्या नव्या इमारतीच्या सावलीत येणाऱ्या तळमजल्यावरील शेजाऱ्याच्या खिडकीसाठीही मोजावे. तो शेजारी आपल्या सभेला नसतो. त्याच्या वतीने हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल.