शेकरूचे रान आणि रानातली माणसे

कामगारांच्या संघटनेत उमर घालवलेल्या आमच्यासारख्या माणसाने एका खारीचा इतिहास सांगावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या खारीचे घर म्हणजे सह्याद्रीचे रान. आणि त्या रानात कुऱ्हाड कोणाची चालली, लाकूड कोणी नेले व दोष कोणाच्या माथी बसला, हा प्रश्न आमच्याच खात्यातला आहे.

भीमाशंकरचे शेकरू आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पाठ तांबूस, पोट पिवळसर पांढरे, शेपूट लांबलचक झुबकेदार. जमिनीवर ते क्वचितच उतरते; या शेंड्यावरून त्या शेंड्यावर, वीस-वीस फुटांच्या उड्या टाकीत त्याचा संसार चालतो. घरटीही एक नव्हे, अनेक बांधते. मधली चार झाडे पडली की त्याचा रस्ताच तुटतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, ते मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे! रानातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला शेकरू म्हटले, ते साहेबाच्या दफ्तरी कोठून लागणार?

ही खार दक्षिणेत दूरवर पसरलेली आहे. आपला उत्तर सह्याद्री म्हणजे तिच्या मुलखाची वायव्येकडची कड. त्याच्याही पलीकडे, डांगच्या जंगलात, हिचीच एक फिकट रंगाची पोटजात होती. ब्लॅन्फर्डने १८९७ साली तिची नोंद केली. आज ती नामशेष झाली असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. डांगची सागवानी जंगले इंग्रजांनी १८४२ पासूनच भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतली होती. मुलखाच्या मध्यावर एक रान तुटले, तर शेजारच्या रानातून प्राणी पुन्हा येऊ शकतो. कडेवर तो येणार कोठून?

मग भीमाशंकरचे शेकरू का टिकले? एक कारण देवाचे. देवराईतली फांदी तोडायची नाही, हा धाक कोणत्याही गार्डाच्या दंडुक्याहून जुना. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतर महाराष्ट्रातल्या देवरायांची पाहणी केली, तेव्हा शिक्षितांना हे कळले. महादेव कोळ्यांना ते ठाऊकच होते.

१८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली आणि राखणारा तो चोर ठरला. भाताचे रोप टाकण्यापूर्वी झाडांचे टहाळ तोडून वाफ्यावर भाजायचे, त्याला राब म्हणतात. राबाने झाडाच्या फांद्या जातात, हे खरेच. पण बुंधा उभा राहतो व पुन्हा फुटतो. सरकारला तेवढेही खपेना. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला, की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. इकडे राबावर बंदीची भाषा चालू असता तिकडे शहरांना लाकूड आणि कोळसा हवाच होता. कोळशाच्या भट्ट्यांवर राबला तो कातकरी, ठेकेदाराची उचल घेऊन, वर्षानुवर्षे न फिटणाऱ्या कर्जात. झाड बुंध्यापासून गेले ते या भट्टीत. स्वातंत्र्यानंतर जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या, ठेकेदाराला काही ठिकाणी वेसण बसली. मालकीच्या जमिनीवरची झाडे मात्र कवडीमोलाने कोळशासाठी विकली जातच राहिली.

१९८५ साली भीमाशंकरचे सुमारे १३१ चौरस किलोमीटर रान अभयारण्य झाले. शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ठीकच झाले. पण अभयारण्याच्या हद्दीत गावे आहेत, आणि तिथल्या माणसाला सरपणाच्या मोळीसाठीही हटकले जाते, तर यात्रेकरूंच्या मोटारींना रस्ता सदा मोकळा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मागता येतो. तो मिळवणे म्हणजे किती खेटे, हे आम्ही इतर कचेऱ्यांत पाहिलेलेच आहे.

हिरड्याचे उदाहरण घ्या. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासींचे रोख उत्पन्न बरेचसे या फळावर. झाड विकले तर पैसा एकदा, उभे ठेवले तर दरसाल. आणि उभ्या झाडावरून शेकरूची वाटही शाबूत राहते. भाव मिळाला तर हिरड्यावर कुऱ्हाड पडत नाही, हे गणित कोणत्याही कामगाराला समजेल. परंतु बाळहिरडा वेचून वाळतो तो उन्हाळ्यात, खरिपाच्या तयारीला पैसा हवा असतो अशा दिवसांत. सरकारी खरेदी आठ दिवस लांबली, की माल व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. आणि तो काटा कोणाच्या बाजूला झुकतो, हे या सभेला सांगायला नको.