मोगल उद्यानांतील दगडी जलवास्तू

मोगल उद्यानांतील दगडी जलवास्तू : सोळाव्या व सतराव्या शतकांत मोगल बादशहांनी व त्यांच्या सरदारांनी आग्रा, दिल्ली, लाहोर, काश्मीर व दख्खन येथे उद्याने उभारली. त्यांतील पाट, हौद, कारंजी, कुंडे व चादरी (उतरत्या कोरीव शिळांवरून सोडलेले प्रपात) यांचा या संज्ञेत अंतर्भाव होतो. या उद्यानांत दगड केवळ शोभेसाठी योजलेला नाही. पाणी अडविणे, त्याची पातळी राखणे, त्याला गती देणे वा ती मोडणे आणि त्यावर प्रकाश खेळविणे ही कामे दगडाकडे सोपविलेली आढळतात. साहजिकच स्थळपरत्वे व कार्यपरत्वे दगडाची निवड बदलत गेली.

प्रारंभ : मध्य आशियातून आलेल्या बाबराला (१४८३–१५३०) हिंदुस्थानात वाहत्या पाण्याचा अभाव विशेष खटकला, तथापि येथील कारागिरांच्या विपुलतेचे त्याने आपल्या आत्मचरित्रात कौतुक केले आहे. एकट्या आग्र्यात आपल्या बांधकामांवर रोज ६८० पाथरवट, तर आग्रा, सीक्री, बयाना, धोलपूर, ग्वाल्हेर व कोल येथे मिळून १,४९१ पाथरवट काम करीत, अशी नोंद त्यात आहे. धोलपूर येथे वालुकाश्माचा एक अखंड उंचवटा पाहून त्याने त्यातून वास्तू कोरण्याची आज्ञा दिली. खडकाची उंची अपुरी ठरल्यास तो सपाट करून त्यातच हौद खोदावा, असेही त्याने सुचविले. धोलपूरजवळील झोर गावी १९७८ मध्ये एलिझाबेथ मॉयनिहन यांनी त्याच्या उद्यानाचे अवशेष ओळखले. त्यांतील कमळाकृती कुंडे मूळ खडकातच कोरलेली आहेत. दगड आणून बसविण्याऐवजी जागेवरच्या खडकाला जलाशयाचे रूप देण्याची भारतीय परंपरा जुनी होती. बाबराने ती उद्यानरचनेत आणली.

दगडाची निवड : आग्रा-दिल्ली परिसरातील उद्यानांत विंध्य खडकसमूहाच्या तांबड्या वालुकाश्माचा वापर मुख्यत्वे झाला. या गाळाच्या खडकाचे सपाट थर सुटे होत असल्याने लांबरुंद फरशा सहज काढता येतात. त्या पाटांचे तळ व काठ आणि फरसबंदी यांस सोयीच्या ठरतात. फतेपुर सीक्री येथील अनुप तलावाचा चौथरा व त्याकडे चारही बाजूंनी जाणारे पूल याच दगडाचे आहेत. मात्र वालुकाश्म सच्छिद्र असतो. सतत ओल राहिल्यास क्षार त्यात शिरतात आणि पाणी सुकताना पृष्ठभागाचे पापुद्रे निघू लागतात. त्यामुळे थर आडवे राहतील अशा रीतीने दगड बसविणे हितावह असते. थर उभे राहिल्यास बाहेरचा पदर लवकर गळून पडतो.

संगमरवराची गोष्ट निराळी आहे. राजस्थानातील मकराना येथील संगमरवर घट्ट असून त्याची सच्छिद्रता अत्यल्प आहे आणि त्याला उत्तम झिलई चढते. परंतु खाणी आग्र्यापासून तीनशे किमी.हून अधिक दूर असल्याने तो महाग पडे. संगमरवर, गाडे व पाथरवट पुरविण्याविषयी शाहजहानने अंबरचा राजा जयसिंह याला पाठविलेली फर्माने उपलब्ध आहेत. जेथे पाणी दृष्टीसमोर, पातळ थरात व उजेडात वाहते, अशाच ठिकाणी तो प्रायः योजला जाई. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील रंगमहालामधील कमळाकृती कुंड व महालांमधून जाणारा ‘नहर-इ-बिहिश्त’ ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत.

काश्मीरमध्ये स्थानिक करड्या चुनखडकाला प्राधान्य मिळाले. श्रीनगरच्या शालीमार बागेत (१६१९) शाहजहानच्या काळी उभारलेल्या मंडपाचे काळेभोर झिलईदार स्तंभ भोवतालच्या फेसाळ पाण्यामुळे उठून दिसतात. याउलट लाहोर गाळाच्या मैदानात वसलेले असल्याने तेथे इमारती दगड नव्हता. तेथील शालीमार बागेचे (१६४१–४२) मुख्य बांधकाम विटांचे असून वालुकाश्म व संगमरवर दुरून आणून मोजक्या जागी बसविले आहेत.

दख्खनमधील प्रमुख उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी-का-मकबरा (१६६०–६१) होय. येथील बेसाल्ट (काळा पाषाण) कठीण असून पाण्याला चांगला टिकतो. पण त्यावर नाजूक कोरीव काम कष्टाने होते. म्हणून संगमरवर घुमटासारख्या निवडक भागांपुरता ठेवून इतरत्र बेसाल्टवर चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्याने नक्षी साधली आहे.

बांधणी : पाट अथवा हौद बांधताना प्रथम जमीन ठोकून घट्ट करीत व तीवर विटा आणि चुना यांचा थर देत. चुन्यात विटांची पूड मिसळल्याने तो ओलीतही घट्ट होई. दृश्य दगड हा या पायावर चढविलेला अखेरचा थर असे. गळती थांबविण्याचे काम मुख्यतः त्याखालील कोबा करी. मोठे दगड लोखंडी आकड्यांनी जोडून वर शिसे ओतण्याची पद्धत होती. शिशाचे वेष्टन फाटले, की लोखंड गंजून फुगते व दगडाच्या कडा उडवते, हा या पद्धतीतील दोष पुढे प्रत्ययास आला.

पाटाचा उतार ही सर्वांत नाजूक बाब होय. उतार जास्त झाल्यास पाणी धावते व काठ विषम दिसतात. कमी झाल्यास ते साचून शेवाळते. दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीभोवतालच्या उद्यानाचे पुनरुज्जीवन २००३ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा पाटांना दर ४० मी. अंतरास केवळ १ सेंमी. उतार देण्यात आला.

चादरीची रचना याच्या नेमकी उलट असते. दोन मजल्यांमधील उतारावर शिळा तिरपी बसवून तिच्यावर खवल्यांची किंवा नागमोडी नक्षी खोल कोरीत. त्या खाचांवर आपटून पाणी फुटते, त्यात हवा मिसळून ते पांढरे दिसते व त्याचा नाद होतो. सरळ कोसळणाऱ्या प्रपातामागे भिंतीत छोटे कोनाडे (चिनीखाना) ठेवीत. त्यांत दिवसा फुले व रात्री दिवे मांडीत.

कारंज्यांसाठी लागणारा दाब काश्मीरमध्ये डोंगरउतारामुळे आपोआप मिळे. मैदानी प्रदेशात मात्र पाणी उंच टाक्यांत चढवावे लागे. ताजमहालासाठी यमुनेचे पाणी बैलांच्या मोटांनी टप्प्याटप्प्याने उचलून ते बांधकामात पुरलेल्या खापरी नळांतून बागेत आणीत. प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचे भांडे बसविलेले होते. प्रथम ही भांडी भरत व नंतर सर्व कारंजी एकाच वेळी सारख्या उंचीने उडत.

ऱ्हास व जतन : पाणीपुरवठ्याची यंत्रणा बंद पडल्यावर बहुतेक ठिकाणी दगडी भाग तेवढे उरले. लाल किल्ल्यात १८५७ च्या उठावानंतर अनेक इमारती पाडण्यात आल्या. नहर-इ-बिहिश्तचा मूळ प्रवाहही लोपला. लाहोरच्या शालीमार बागेची चारशेंहून अधिक कारंजी प्रसिद्ध असली, तरी त्यांना पाणी पुरविणाऱ्या बागेबाहेरील टाक्या दुर्लक्षित राहिल्या. १९९९ मध्ये रस्तारुंदीसाठी त्यांपैकी काही पाडण्यात आल्या. १९८१ पासून जागतिक वारसा असलेले हे स्थळ त्यानंतर २००० मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीत गेले आणि २०१२ पर्यंत तीत राहिले. कोरीव दगडाइतकेच अनलंकृत टाक्या व नळ हेही वास्तूचे अवयव आहेत, हे या घटनेवरून स्पष्ट झाले.

दुरुस्तीत सिमेंटचा वापर हा दुसरा धोका होय. सिमेंटने दरजा भरल्यास ओल सांध्यांतून बाहेर पडू शकत नाही; ती दगडातून वाट काढते आणि क्षारांमुळे दगडच झिजतो. कठीण पाण्यामुळे संगमरवरावर चुन्याची पुटे चढतात. ती आम्लाने काढू गेल्यास खालचा संगमरवरही विरघळतो, कारण दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटाचेच असतात. त्यामुळे चुन्याच्या गिलाव्याचा व मूळ जातीच्या दगडाचा वापर आणि पाथरवटांच्या पारंपरिक कौशल्याचे पुनरुज्जीवन यांवर आधुनिक जतनकार्यात भर दिला जातो. हुमायूनच्या कबरीच्या उद्यानात दगडी पाटांबरोबर विहिरी व पाण्याचे अभिसरण यांचीही पुनर्योजना करण्यात आली असून तेथील पाटांतून पाणी पुन्हा वाहू लागले आहे.