पाण्याच्या ऊष्मागतिकीय गुणधर्मांचे स्प्रेडशीटद्वारे गणन

पाणी व वाफ यांचे विशिष्ट घनफळ, एन्थॅल्पी, एन्ट्रॉपी इत्यादी गुणधर्म पूर्वी छापील बाष्पसारण्यांवरून अंतर्वेशनाने काढले जात. ते आता स्प्रेडशीटमध्ये सूत्रांनी थेट काढता येतात. त्यासाठी १९९७ साली स्वीकारलेले 'आयएपीडब्ल्यूएस-आयएफ९७' हे आंतरराष्ट्रीय औद्योगिक सूत्रीकरण वापरतात.

रचना

या सूत्रीकरणाचे पाच विभाग आहेत. द्रव (१), वाफ (२) आणि अतिउच्च तापमानाची वाफ (५) यांसाठी गिब्ज मुक्त ऊर्जेचे, तर क्रांतिक बिंदूच्या परिसरासाठी (३) हेल्महोल्ट्झ मुक्त ऊर्जेचे समीकरण आहे. चौथा विभाग म्हणजे संपृक्तता रेषा. पहिल्या विभागाच्या समीकरणात ३४ पदे आहेत. त्यांचे गुणांक व घातांक स्तंभांत मांडून पदांची बेरीज करतात. समीकरणाच्या दाब व तापमान यांच्या सापेक्ष अवकलजांवरून गुणधर्म मिळतात.

विभागाची निवड व पडताळा

१०० अंश सेल्सिअसला संपृक्त वाफेचे घनफळ तेवढ्याच वस्तुमानाच्या पाण्याच्या सुमारे १,६०० पट असते. विभाग चुकला तरी स्प्रेडशीट अनेकदा त्रुटी न दाखवता उत्तर देते. म्हणून प्रथम संपृक्त दाब काढून विभाग ठरवावा लागतो. तापमान केल्विनमध्येच घेतात. पडताळ्यासाठी अधिकृत मूल्ये उपलब्ध आहेत : ३०० केल्विन व ३ मेगापास्कलला विशिष्ट घनफळ ०.००१००२१५१६८ घनमीटर प्रतिकिलोग्रॅम आणि एन्थॅल्पी ११५.३३१२७३ किलोज्यूल प्रतिकिलोग्रॅम येते.