फोटोत आई कुठे आहे?

दिवाळीची आवराआवर निघाली की दरवर्षी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली येते. तीत आमच्या घराण्याचे फोटो आहेत. पेटी उघडली की आवराआवर तिथेच थांबते आणि 'हा कोण, ती कोण' असा तास सुरू होतो. गेल्या दिवाळीत धाकटीने भलताच प्रश्न विचारला, "बाबा, तुमच्या लहानपणीच्या फोटोंत आजी का नाही?"

मी मास्तर माणूस. प्रश्नाला उत्तर देण्याची सवय. पण त्या वेळी गप्प बसलो. खरोखरच ती नव्हती. आम्ही भावंडे होतो, आकाशकंदील होता, अंगणातली गायसुद्धा होती. आई आत करंज्या तळत होती आणि वडील एक डोळा मिटून कॅमेऱ्यामागे उभे होते. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो मिळेना. अखेर एका लग्नातल्या गर्दीतून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला आहे. तो कुणाचा, हे सांगणारे आता कोणी उरले नाही.

नवल हे की, पणजोबांच्या काळी असे होत नसे. आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९०० च्या सुमारास मनमाडहून निघालेली आगगाडी परभणीवरून हैदराबादेस जाऊ लागली आणि राजधानी जवळ आली. पेटीतला सर्वांत जुना फोटो तिथलाच. मधोमध दोन खुर्च्या. एकीवर शेरवानीतले पणजोबा, दुसरीवर नथ घातलेली पणजी, पोरे पायाशी. फोटो काढणारा परका होता. तो काळ्या कापडाखाली शिरला की घरची सगळी माणसे समोर बसायला मोकळी!

त्याच हैदराबादेत राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. पडद्यातल्या स्त्रिया परपुरुषासमोर बसणार कशा? म्हणून १८९२ साली त्यांनी स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ उघडला आणि त्याचा कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपवला. म्हणजे पडदानशीन आईचा फोटो सव्वाशे वर्षांपूर्वी निघाला आणि आमच्या उघड्या अंगणातल्या आईचा नाही!

मग बिघडले कुठे? अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली कोडॅक कॅमेरा विकायला काढला. आत शंभर फोटोंची फिल्म. ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे धाडायचा. १९०० साली एक डॉलरचा 'ब्राउनी' आला. कॅमेरा घरात आला, परका माणूस गेला आणि त्याची जागा घरच्याच एकाला घ्यावी लागली. जो फोटो काढील तो फोटोत नाही आणि जिच्या हाताला पीठ लागले आहे तीही नाही.

आपल्या दादासाहेब फाळक्यांचेच घर पाहा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. दादासाहेबही आपले काम दाखवणाऱ्या एका लहानशा चित्रपटात पडद्यावर दिसतात. आणि सरस्वतीबाई? त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, रात्री बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडली. पडद्यावर ज्यांचे हात सर्वत्र आहेत, त्यांचा चेहरा मात्र तिथे शोधावा लागतो.

यावर इलाज नव्हता असे नाही. १८३९ साली फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट कॉर्नेलियसने भिंग उघडे ठेवले, धावत पुढे जाऊन तो उभा राहिला आणि स्वतःचे चित्र मिळवले. पुढे दाबल्यानंतर काही सेकंदांनी आपोआप झडप उघडणारी कळ निघाली. चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंह यांना आपल्या घरादाराचे फोटो काढण्याचा मोठा नाद होता. पण त्यांतल्या कितीतरी चित्रांत ते स्वतःही आहेत. ज्याला चौकटीत यायचे होते, त्याने वाट काढली.

त्या रात्री मी माझा मोबाइल चाळला. मुलांचे फोटो शेकड्यांनी निघाले. त्यांची आई तिनांत, आणि तिन्हींत शेगडीकडे तोंड करून. वडिलांना हसावे तर मी काय निराळे केले?

तेव्हा वाचकहो, यंदा मी ठरवले आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई उटणे लावते, तो फोटो धाकटी काढील. थोडा हलला तर हलू द्या. पाडव्याच्या ओवाळणीला मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून दहा सेकंदांची कळ लावायची आणि मी धावत जाऊन पाटावर बसायचे. मग चांगला निघेल तो कागदावर छापून, मागे शिसपेन्सिलीने नावे आणि साल लिहून पेटीत ठेवायचा.

खांद्यावरचा हात कुणाचा, हे माझ्या नातवंडांना तरी कळले पाहिजे.