३०३, ऑक्टापॅड आणि लालबागचा रस्ता

आजचा विषय आहे इलेक्ट्रॉनिक म्युझिक. हाऊस, टेक्नो, ॲसिड, डबस्टेप, ड्रम अँड बेस... ॲपवर इतकी नावं दिसतात की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी म्हणतो, सुरुवात मुंबईतूनच करूया. यातल्या एका प्रकाराची चाहूल १९८२ साली इथे लागली होती. आणि एक प्रकार असा आहे, जो लालबाग-परळमध्ये दणक्यात वाजतो, पण त्या यादीत त्याचं नावच नाही.

आधी १९८२ बघू. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. हा संप लक्षात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत. त्याच वर्षी, त्याच शहरात, चरणजित सिंग नावाच्या वादकाने एक रेकॉर्ड काढली. हे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, बास गिटार आणि कीबोर्ड दोन्ही. तेव्हा डिस्कोची हवा होती. 'कुर्बानी' १९८० ला आला, नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' १९८१ ला. सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: तालासाठी टीआर-८०८, बाससाठी टीबी-३०३ आणि सुरांसाठी ज्युपिटर-८ सिंथेसायझर. त्यावर भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. रेकॉर्डचं नावच 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'.

आता हे ३०३ काय प्रकरण आहे? यात सोळा घरं असतात. प्रत्येक घरात एक सूर भरायचा, यंत्र ते घरं ओळीने वाजवतं आणि परत पहिल्यावर येतं. मी कोड लिहितो, त्यामुळे मला हा सरळ सरळ लूप दिसतो. आणि गंमत बघा, सोळा मात्रांनंतर समेवर येणं तीनतालवाल्यांना नवीन आहे का? शिवाय ३०३ मध्ये 'स्लाइड' आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. आपल्या मींडेच्या जवळची गोष्ट. म्हणून राग तिथे उपरे वाटत नाहीत.

पण रेकॉर्ड चालली नाही. लोक विसरून गेले.

तिकडे अमेरिकेतही ३०३ चाललं नव्हतं. बास गिटारवाल्याच्या जागी वापरा म्हणून विकलं, पण आवाज बास गिटारसारखा येईना. कंपनीने उत्पादन बंद केलं. मग शिकागोतल्या पोरांना ते सेकंडहँड, स्वस्तात मिळालं. 'फ्यूचर' नावाच्या ग्रुपने त्याची बटणं नको तितकी पिळली, आणि तो चिरकणारा, ओला आवाज १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' म्हणून बाहेर आला. त्यातून ॲसिड हाऊस जन्मलं. २०१० मध्ये एका डच लेबलने सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा काही परदेशी श्रोत्यांना वाटलं, कोणीतरी आपली फिरकी घेतंय! शिकागोच्या पाच वर्षं आधी, मुंबईत, हा आवाज? चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. जाण्याआधी त्यांना परदेशात मैफली करायला मिळाल्या, एवढं तरी झालं.

मग ॲसिड हाऊस मुंबईत का नाही जन्मलं? माझं उत्तर असं: यंत्र होतं, वादक होता, पण नाचणारी गर्दी नव्हती. शिकागोत क्लब होते. तिथे लोक नाचले, दुसऱ्याने तसंच केलं, तिसऱ्याने बदललं, आणि त्याला नाव पडलं. एकट्या रेकॉर्डचा प्रकार बनत नाही.

पण गर्दी मुंबईत नव्हती का? होती की! लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंत, अनंत चतुर्दशीला. इथे येतो आपला बेंजो. मूळचा जपानी. नागोयामध्ये १९१२ साली बनलेलं तायशोगोतो, टाइपरायटरसारख्या बटणांचं तारवाद्य. भारतात ते बुलबुल तरंग झालं, आणि पिकअप लावून ॲम्प्लिफायरला जोडलं की झाला मिरवणुकीतला बेंजो. सोबत कीबोर्ड आणि ऑक्टापॅड. ऑक्टापॅड १९८५ चा, पुन्हा रोलँडचाच. आठ रबरी पॅड, काठीने मारायचे. एकावर ढोलकी, दुसऱ्यावर ताशा, तिसऱ्यावर टाळी. सगळं गाडीवर चढवायचं, जनरेटर लावायचा, की निघाली पार्टी.

जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकात लोक असेच मोठे स्पीकर रस्त्यावर मांडून नाचायचे. त्या साऊंड सिस्टिममधून डब आलं, आणि तो वारसा इंग्लंडमध्ये जंगल आणि डबस्टेपपर्यंत पोचला. प्रत्येक टप्प्याला नाव आहे, पुस्तकं आहेत. आपण मात्र सगळ्याला 'बेंजो', नाहीतर 'डीजे', नाहीतर 'डॉल्बी' म्हणून मोकळे. डॉल्बी ही खरं तर टेपमधली खरखर कमी करून नावारूपाला आलेली कंपनी. आपल्याकडे तिचं नाव स्पीकरच्या भिंतीला मिळालं!

आता संपाकडे येऊ. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या आवारात मॉल, ऑफिसं, क्लब आले. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं आणि २०१६ पर्यंत चाललं. मुंबईतल्या अनेकांनी हाऊस, ड्रम अँड बेस पहिल्यांदा लाइव्ह ऐकलं ते अशा जागांमध्ये. म्हणजे कंपाउंडच्या आत नाव असलेलं संगीत, तिकीट काढून. आणि बाहेर रस्त्यावर, गिरणी कामगारांच्या वस्तीत, बिननावाचं संगीत, फुकट.

मधली भिंत थोडी पडलीसुद्धा. न्यूक्लियाने २०१५-१६ च्या अल्बममध्ये रस्त्यावरचा ताल क्लबच्या बेसवर आणला. रवी जाधव यांचा 'बँजो' सिनेमाही २०१६ चाच. पण बेंजोवाल्यांचं काय? आठ-दहा वादकांच्या पार्टीऐवजी एक लॅपटॉप आणि स्पीकर आणला की मंडळाचं भागतं. आवाजाचा नियमही आहे. २००० च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. नियम हवाच, चाळीत म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं असतात. पण भिंतीएवढे स्पीकर आणि हाताने वाजवणारे वादक, दोघांना एकाच मापाने मोजून चालणार नाही. आवाज कमी केला तरी बेंजो बेंजोच राहतो.

सिंग यांची रेकॉर्ड परत सापडली, कारण ती छापली गेली होती. वर नाव होतं, साल होतं. मिरवणुकीतल्या वादनाचं असं काय आहे आपल्याकडे? आपापल्या फोनमधले वीस सेकंदांचे व्हिडिओ, तेही नावाशिवाय.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. आधी सिंग यांचा भैरवी ऐका, मग 'ॲसिड ट्रॅक्स', हेडफोन लावून. आणि यंदा मिरवणुकीत व्हिडिओ काढलात, तर दोन मिनिटं थांबून ऑक्टापॅडवाल्या दादांना नाव विचारा, पार्टीचं नाव, गल्ली, साल लिहा आणि मगच अपलोड करा. या प्रकाराचं नाव काय ठेवायचं, ते वाजवणारेच ठरवतील. निदान कोण वाजवत होतं, हे तरी उरू दे.

भेटू पुढच्या भागात!