भाषणाची भीती मोजणारी ३४ वाक्यं

मुंब्रा असो की कल्याण, घरात चुरूचुरू बोलणारी मुलगी वक्तृत्व स्पर्धेत नाव द्यायची वेळ आली की गप्प होते. अम्मी-अब्बा म्हणतात, 'लाजते.' ही भीती आहे का आणि किती आहे, हे पाहायला एक प्रश्नावली आहे. अमेरिकन संवादतज्ज्ञ जेम्स मॅक्रॉस्की यांनी ती १९७० मध्ये मांडली.

तिच्यात भाषणाबद्दलची ३४ वाक्यं आहेत. प्रत्येकाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) गुण द्यायचे. १२ वाक्यं धीटपणाची आहेत. त्यांचे गुण उलटे धरायचे, ५ चा १, ४ चा २. नाहीतर हिशेबच चुकतो. बेरीज ३४ ते १७० मध्ये येते. ९८ च्या खाली भीती कमी, १३१ च्या वर जास्त.

आकडा भाषण कसं झालं ते सांगत नाही, बोलणाऱ्याला काय वाटतं तेवढंच सांगतो. म्हणून मुलीच्या वतीने अब्बांनी खुणा करू नयेत!

घरात उर्दू किंवा कोकणी आणि स्पर्धा मराठीत असेल, तर भीती स्टेजची की शब्द चुकण्याची, हे एका बेरजेतून कळत नाही. एकदा घरच्या भाषेतलं भाषण मनात धरून आणि एकदा मराठीतलं, अशी प्रश्नावली दोनदा भरून घ्या. दोन बेरजांत मोठं अंतर असेल, तर आधी मराठीचा सराव वाढवा.